भंगारातील उच्चदाब रोहित्रे आणि हौशी टेस्ला कॉइल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात आपले लक्ष साधारणतः शोध आणि शोधकर्ता यांवर केंद्रित झालेले असते. एखादे यंत्र कोणी शोधले, त्याचे पेटंट कोणत्या वर्षी मिळाले, त्यातून कोणता उद्योग उभा राहिला, याची नोंद तपशीलवार होते. परंतु तेच यंत्र जुने होऊन दुकानातून, दवाखान्यातून किंवा घरातून बाहेर टाकले गेल्यानंतर त्याचे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आपल्याकडील अनेक जुन्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांत लाकडी पाटावर बसवलेली रूमकॉर्फ कॉइल काचेच्या कपाटात पडून असते. एकेकाळी विरळ वायूच्या नळ्या उजळून दाखविण्यासाठी तिचा उपयोग होत असे. पुढे ती डेडस्टॉक नोंदवहीत केवळ एक क्रमांक होऊन राहते व एके दिवशी तिचे निर्लेखन होते. तिच्या टोकांवर किती दाब निर्माण होतो, ती हाताळताना कोणती काळजी घ्यावयाची, हे जाणणारी व्यक्ती बहुधा त्यापूर्वीच सेवानिवृत्त झालेली असते.

वस्तू भंगारात जाते, परंतु तिच्याविषयीचे ज्ञान तिच्याबरोबर जातेच असे नाही. हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत निबंधात हौशी टेस्ला कॉइलचा इतिहास निवडला आहे. निकोला टेस्ला (१८५६-१९४३) याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेले हे उपकरण गेली शंभराहून अधिक वर्षे हौशी मंडळी घरच्या कार्यशाळेत तयार करीत आली आहेत. त्यासाठी लागणारे उच्चदाबाचे रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, त्यांनी बहुतेक वेळा टाकाऊ सामानातून मिळविले. त्यामुळे कोणत्या काळात कोणत्या प्रकारची कॉइल तयार झाली आणि ती किती धोकादायक ठरली, हे त्या त्या काळातील भंगाराने बऱ्याच अंशी ठरविले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. अभ्यासाची व्याप्ती मुख्यतः अमेरिकेपुरती मर्यादित आहे, कारण या छंदाची सर्वांत दीर्घ व सलग परंपरा तेथे आढळते.

टेस्लाचे तत्त्व आणि रोहित्राचे स्थान :

उच्च दाब निर्माण करणाऱ्या कुंडलांचा इतिहास टेस्लापूर्वीचा आहे. आयर्लंडमधील मेनूथ येथे निकोलस कॅलन याने १८३६ मध्ये प्रवर्तन कुंडल तयार केले. पॅरिसमधील उपकरणनिर्माता हाइनरिश रूमकॉर्फ याने १८५१ च्या सुमारास त्याला व्यावहारिक रूप दिले व त्याबद्दल १८६४ मध्ये त्याला ५०,००० फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक मिळाले. रुंटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला तोही अशाच कुंडलाच्या साहाय्याने.

२० मे १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजमध्ये अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे टेस्लाने उच्च वारंवारतेच्या प्रवाहांवर व्याख्यान दिले. त्याच वर्षी २३ जून रोजी त्याला विद्युत प्रकाशयोजनेचे पेटंट मिळाले. आज टेस्ला कॉइल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मांडणीचे सर्व घटक त्यात आढळतात. या मांडणीचे कार्य थोडक्यात असे सांगता येईल : रोहित्र धारित्राला भारित करते. धारित्रावरील दाब पुरेसा वाढला की स्पार्क गॅप म्हणजे दोन धातूंच्या टोकांमधील फटीतील हवा वाहक बनते व तेथे ठिणगी पडते. त्या क्षणी धारित्रातील ऊर्जा जाड तारेच्या मोजक्या वेढ्यांच्या प्राथमिक कुंडलात सेकंदाला लाखो वेळा मागेपुढे आंदोलित होते. बारीक तारेच्या शेकडो वेढ्यांचे दुय्यम कुंडल त्याच वारंवारतेला जुळवलेले असल्याने अनुनादाने त्याच्या माथ्यावर लाखो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि हवेत विजेसारख्या शाखा फुटतात.

या मांडणीतील कुंडले घरी गुंडाळता येतात. काचेच्या बाटल्यांत मिठाचे पाणी भरून व बाहेरून धातूचा पत्रा लावून धारित्रही करता येते. अडचण येते ती रोहित्राची. हजारो व्होल्टसाठी हजारो वेढे एकमेकांपासून नीट अलग ठेवून गुंडाळणे हे कारखान्याचे काम आहे. त्यातच ठिणगी पडते त्या क्षणी रोहित्राची दोन्ही टोके जवळजवळ थेट जोडली जातात, म्हणजे शॉर्ट सर्किट होते. सामान्य रोहित्र अशा वेळी प्रचंड प्रवाह ओढून फ्यूज उडवील किंवा स्वतः जळेल. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे प्रयोग करताना टेस्लाजवळ वेस्टिंगहाउस कंपनीचे उच्चदाब रोहित्र होते. सामान्य हौशी माणसाला ते परवडणे शक्य नव्हते.

मोटारीची कॉइल, ठिणगीचे रेडिओ आणि १९१२ चा कायदा :

हौशी मंडळींची ही अडचण प्रथम मोटारीने दूर केली. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या मोटारीचे उत्पादन १९०८ ते १९२७ या काळात झाले व तिची संख्या दीड कोटीवर गेली. या मोटारीत चार सिलिंडरसाठी लाकडी पेट्यांत बसवलेल्या चार प्रज्वलन कॉइल असत. प्रत्येकीवर कंप पावणारी पट्टी असल्याने ती सहा व्होल्टच्या बॅटरीवरही ठिणग्या देत असे. मोटार मोडीत निघाल्यावर या पेट्या सुट्या मिळू लागल्या आणि लहान टेस्ला कॉइल तसेच ठिणगीवर चालणारे रेडिओ-प्रेषक यांना त्यांचा आधार मिळाला.

त्या काळात टेस्ला कॉइल आणि हौशी रेडिओ यांच्यातील अंतर फार नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. रोहित्र, धारित्र, ठिणगीची फट आणि जुळवलेली कुंडले हेच घटक दोहोंत होते. टायटॅनिक बोटीच्या दुर्घटनेनंतर ऑगस्ट १९१२ मध्ये अमेरिकेने रेडिओविषयक कायदा केला. त्यानुसार खासगी केंद्रांना २०० मीटरपेक्षा अधिक तरंगलांबी वापरण्यास मनाई झाली आणि त्यांच्या रोहित्राला द्यावयाच्या शक्तीवर एक किलोवॅटची मर्यादा आली. म्हणजे हौशी प्रयोगाचे माप कायद्याने रोहित्रावरूनच ठरविले. ही मर्यादा पुढे अनेकांचे उद्दिष्ट बनली व एक किलोवॅटची रोहित्रे हौशी बाजारात विकली जाऊ लागली.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. निर्वात नळ्यांनी निर्माण केलेल्या अखंड लहरी ठिणगीपेक्षा कितीतरी सरस ठरल्या. डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे अमेरिकी हौशी केंद्रांचे संदेश ऐकले गेले, तेव्हा त्यांत निर्वात नळ्यांच्या केंद्रांचे प्राबल्य होते. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने ठिणगी-प्रेषकांवर निर्बंध घातले. परिणामी, ठिणगीच्या रेडिओची रोहित्रे साहजिकच अडगळीत गेली. जे रेडिओच्या दृष्टीने निरुपयोगी झाले तेच टेस्ला कॉइलच्या दृष्टीने उपयुक्त ठरले. टेस्ला कॉइल यापुढे उपयोगाचे यंत्र न राहता प्रामुख्याने देखाव्याचे व अध्ययनाचे उपकरण झाली. १९३१ च्या फ्रँकेन्स्टाइन चित्रपटातील प्रयोगशाळेचे विद्युत देखावे केनेथ स्ट्रिकफॅडन याने उभे केले. तेच साहित्य १९७४ च्या यंग फ्रँकेन्स्टाइन या विडंबनपटात पुन्हा वापरले गेले.

निऑनच्या पाट्यांचा वारसा :

हौशी टेस्ला कॉइलच्या इतिहासात सर्वांत मोठा वाटा निऑन पाट्यांच्या रोहित्राचा आहे. फ्रेंच संशोधक जॉर्ज क्लॉद याने डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या नळ्या उजळून दाखविल्या. १९१५ मध्ये त्याला अमेरिकी पेटंट मिळाले आणि पुढील दोन दशकांत उपाहारगृहे, चित्रपटगृहे व दुकाने यांच्या दर्शनी भागांवर या नळ्या झळकू लागल्या.

निऑन नळीचा एक विशेष गुणधर्म आहे. ती पेटेपर्यंत फार मोठा दाब लागतो. एकदा पेटली की मात्र तिचा रोध घटतो आणि प्रवाह बेसुमार वाढू पाहतो. म्हणून तिच्या रोहित्राच्या लोखंडी गाभ्यात प्राथमिक व दुय्यम कुंडलांच्या मध्ये लोखंडी पट्ट्यांचा एक आडमार्ग ठेवलेला असतो. त्याला चुंबकीय शंट म्हणतात. भार वाढला की चुंबकीय प्रवाहाचा काही भाग या आडमार्गाने वळतो, दाब आपोआप उतरतो आणि विद्युतप्रवाह ठरावीक मर्यादेतच राहतो. १५,००० व्होल्ट व ३० किंवा ६० मिलीअँपिअर हे या रोहित्रांचे नेहमीचे मोठे प्रकार होत. टोके थेट जोडली तरी ३० मिलीअँपिअरचे रोहित्र साधारण तेवढाच प्रवाह देते.

टेस्ला कॉइलला नेमके हेच हवे होते. हे साम्य योगायोगाचे म्हणता येणार नाही, कारण निऑन नळी असो वा स्पार्क गॅप, दोन्ही ठिकाणी रोहित्रापुढे असलेला भार हा वायूतील विद्युत विसर्गच आहे. पाटी बनविणाऱ्या कारागिराचा प्रश्न ज्या रचनेने सोडविला, त्याच रचनेने कॉइल बनविणाऱ्याचाही प्रश्न सोडविला. दुकान बंद पडले की पाटी उतरवली जाई, काचेची नळी फुटे, पण पाठीमागचे रोहित्र शाबूत राही. पाट्या करणाऱ्यांच्या कोठारात अशी रोहित्रे साठत आणि तेथून ती अल्प किमतीत किंवा नुसत्या शब्दावर हौशी मंडळींच्या हाती येत. एका १५,००० व्होल्ट, ३० मिलीअँपिअरच्या रोहित्राची क्षमता ४५० व्होल्ट-अँपिअर भरते. अधिक मोठ्या ठिणगीसाठी अशी दोन, तीन किंवा चार रोहित्रे समांतर जोडण्याची पद्धत रूढ झाली.

या वापरातून एक अनौपचारिक ज्ञानशाखाच तयार झाली. निऑन रोहित्राची कुंडले डांबरासारख्या पदार्थात बुडविलेली असतात. जुनेपणामुळे त्यात ओल शिरली किंवा भेगा पडल्या की आतल्या आत ठिणग्या पडून कार्बनची वाट तयार होते आणि रोहित्र निकामी होते. अशी मृत रोहित्रे रॉकेलसारख्या द्रावकात कित्येक दिवस ठेवून डांबर काढणे, कार्बन खरवडणे व पुन्हा विसंवाहक भरणे हे कौशल्य हौशी मंडळींनी स्वतः विकसित केले. धारित्राचे मूल्य रोहित्राशी विशिष्ट प्रमाणात जुळले तर मुख्य पुरवठ्याच्याच वारंवारतेला अनुनाद होऊन रोहित्रावरील दाब त्याच्या क्षमतेपलीकडे जातो, हेही अनेक रोहित्रे गमावल्यानंतरच सर्वसामान्य हौशी माणसास उमगले. अमेरिकेतील पुरवठा ६० हर्ट्झचा व युरोपातील ५० हर्ट्झचा असल्याने एकीकडचे गणित दुसरीकडे जसेच्या तसे लागू पडत नाही, हा बारकावाही त्यात आला. या ज्ञानाचे संकलन व्हावयास संघटन आवश्यक होते. १९८२ मध्ये हॅरी गोल्डमन यांनी अमेरिकेत टेस्ला कॉइल बिल्डर्स असोसिएशनची स्थापना केली व तिच्या वार्तापत्राने विखुरलेल्या प्रयोगकर्त्यांना परस्परांशी जोडले.

क्ष-किरण यंत्रे, खांबावरील रोहित्रे आणि तेलाचा प्रश्न :

मोठ्या कॉइलसाठी हौशी मंडळी अन्य भंगाराकडे वळली. क्ष-किरण यंत्रांत १९०७ मध्ये क्लाइड स्नूक याच्या रचनेपासून प्रवर्तन कुंडलाची जागा रोहित्राने घेण्यास प्रारंभ झाला. दवाखान्यांनी पुढे ही यंत्रे बदलली तेव्हा त्यांतील तेलात बुडविलेली रोहित्रे बाहेर आली. दुसरा स्रोत म्हणजे वीज वितरणाचे खांबावरील रोहित्र. ते मुळात ७,२०० किंवा १४,४०० व्होल्टचा दाब घरगुती पातळीवर उतरविण्यासाठी असते. ते उलट जोडले की घरच्या २४० व्होल्टपासून हजारो व्होल्ट मिळतात. पण त्यात निऑन रोहित्राप्रमाणे प्रवाह रोखणारा आडमार्ग नसतो. त्यामुळे प्रवाह मर्यादित ठेवण्यासाठी त्याच्यापुढे जुने वेल्डिंग यंत्र जोडण्याची युक्ती निघाली. एका भंगारातील उणीव दुसऱ्या भंगाराने भरून काढण्याचा हा प्रकार होता.

या रोहित्रांबरोबर एक अदृश्य संकटही घरात आले. १९२९ पासून व्यापारी उत्पादन सुरू झालेली पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल अर्थात पीसीबी ही रसायने न पेटणारी असल्यामुळे रोहित्रे व धारित्रे यांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. त्यांचे विघटन सहजासहजी होत नाही व ती शरीरातील चरबीत साठतात. अमेरिकेत १९७६ च्या कायद्यान्वये १९७९ मध्ये त्यांच्या उत्पादनावर बंदी आली. परंतु बंदीपूर्वी बनलेली उपकरणे भंगाराच्या बाजारात फिरतच राहिली आणि गंजलेल्या पेटीवरील पट्टी नाहीशी झाली की आत कोणते तेल आहे हे ओळखण्याचा सोपा मार्ग उरत नाही. हा प्रश्न केवळ परदेशातील नाही. २००१ च्या स्टॉकहोम कराराने पीसीबीयुक्त उपकरणांचा वापर थांबविण्यासाठी २०२५ ही मुदत ठरविली होती आणि भारताने या कराराला २००६ मध्ये अनुसमर्थन दिले.

मायक्रोवेव्ह ओव्हन : सुरक्षितता कोठे होती?

पर्सी स्पेन्सर याच्या १९४५ च्या संशोधनातून मायक्रोवेव्ह ओव्हन निर्माण झाला व १९६७ मध्ये ओट्यावर ठेवता येणारे घरगुती प्रारूप अमेरिकेत बाजारात आले. पुढील दशकांत हे ओव्हन इतके सामान्य झाले की बिघडल्यावर दुरुस्तीपेक्षा टाकून देणे सोयीचे ठरू लागले. त्यातील रोहित्र साधारण २,००० व्होल्ट देते. निऑन रोहित्राच्या १५,००० व्होल्टपुढे हा आकडा लहान वाटतो आणि म्हणून ते कमी धोकादायक असावे असा समज होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हे रोहित्र कित्येक शे मिलीअँपिअर प्रवाह सहज देऊ शकते, तर हृदयाची लय बिघडविण्यास शंभर मिलीअँपिअरहून कमी प्रवाहही पुरेसा होतो. शिवाय त्याच्या दुय्यम कुंडलाचे एक टोक लोखंडी गाभ्यालाच जोडलेले असते.

निऑन रोहित्रही निर्धोक नाही व त्याने जीव जाऊ शकतो. तरीही त्याची प्रवाहमर्यादा लोखंडाच्या रचनेतच असल्याने ते कोठेही नेले तरी ती मर्यादा त्याच्यासोबत जाते. मायक्रोवेव्ह ओव्हनची सुरक्षितता मात्र रोहित्रात नसून धातूच्या बंद पेटीत आणि दार उघडताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचांत असते. रोहित्र सुटे काढले की सुरक्षितता मागेच राहते आणि धोका तेवढा हाती येतो.

टेस्ला कॉइल करणाऱ्या अनुभवी मंडळींना हा भेद ठाऊक होता. कॉइलच्या माथ्यावरील नेत्रदीपक ठिणगीपेक्षा खालचे साधे दिसणारे रोहित्रच प्राणघातक आहे, हा त्यांचा पहिला धडा असे. परंतु हेच रोहित्र त्या वर्तुळाबाहेर गेले तेव्हा धडा सोबत गेला नाही. क्षाराच्या द्रावणाने ओल्या केलेल्या लाकडावर उच्चदाबाने वृक्षाकृती जाळण्याची कला अलीकडच्या काळात लोकप्रिय झाली. तिच्यासाठी मायक्रोवेव्हचे रोहित्र सर्रास वापरले गेले व त्यात अनेकांचे प्राण गेले. अखेर अमेरिकेतील लाकूड कातकाम करणाऱ्यांच्या संघटनेने, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने, २०१७ मध्ये आपल्या कार्यक्रमांतून ही पद्धत हद्दपार केली. रोहित्र तेच होते, पण ते हाताळण्याची परंपरा नव्हती.

स्रोत आटण्याचा काळ :

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने १९९६ च्या आवृत्तीपासून निऑन रोहित्रात भूदोष-संरक्षण आवश्यक केले. प्रवाह जमिनीकडे गळताच असे रोहित्र स्वतः बंद होते. आग टाळण्याच्या दृष्टीने हे योग्यच होते, परंतु टेस्ला कॉइलला जोडताच ते बंद पडू लागले. पुढे पाट्यांमध्ये हलकी इलेक्ट्रॉनिक साधने व त्यानंतर एलईडी आले. सुरुवातीस जुन्या रोहित्रांचा भंगारात पूर आला आणि नंतर ती दुर्मीळ होत गेली. याच सुमारास शक्तिशाली ट्रान्झिस्टरांवर चालणाऱ्या, स्पार्क गॅप नसलेल्या कॉइल पुढे आल्या. त्यांना उच्चदाब रोहित्राची गरजच उरली नाही. अशा रीतीने भंगाराचा प्रवाह बदलताच छंदाचे स्वरूपही बदलले.

निष्कर्ष :

१) हौशी टेस्ला कॉइलचा विकास टेस्लाच्या मूळ तत्त्वाइतकाच मोटार, रेडिओ, जाहिरात, वैद्यक आणि स्वयंपाकघर या क्षेत्रांनी टाकून दिलेल्या साधनांवर अवलंबून राहिला.

२) टाकाऊ साधनाचा धोका त्यावरील व्होल्टच्या आकड्यावरून ठरत नाही. त्याची सुरक्षितता मूळ रचनेत अंगभूत होती की बाहेरच्या आवरणात, यावरून तो ठरतो.

३) हौशी समूहांनी मोडतोडीतून व अपयशातून मिळविलेले ज्ञान खरेखुरे तांत्रिक ज्ञान होते. परंतु ते वस्तूला चिकटून राहत नाही. ते माणसांच्या परंपरेतून व लेखनातूनच टिकते.

तिसऱ्या निष्कर्षाचा संबंध आपल्या महाविद्यालयीन व्यवहाराशी थेट पोहोचतो. प्रयोगशाळेतील जुने उपकरण निर्लेखित करताना आपण नोंदवहीत त्याचा क्रमांक, खरेदीचे वर्ष व किंमत लिहितो. त्याच ओळीत त्याचा दाब, प्रवाह, आतील तेलाचा प्रकार आणि ते कशासाठी वापरले जात होते, एवढे चार शब्द अधिक लिहिले आणि त्याची प्रत उपकरणावर चिकटवली, तर भावी इतिहासकाराला साधन उपलब्ध होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते उपकरण भंगाराच्या दुकानातून ज्या जिज्ञासू विद्यार्थ्याच्या हाती पडेल, त्याला आपण काय उचलत आहोत हे आधीच कळेल.